पेंटियमकाका

नळाला किती दिवसांनी पाणी आलं, याचा हिशेब मुकुंदवाडीत काकू ठेवतात. कोणत्या लिनक्सने ३२-बिटला कधी वाऱ्यावर सोडलं, याचा हिशेब काकांकडे.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून काका निवृत्त झाले. भंगारात निघालेला एक ३२-बिट पेंटियम फोर संगणक त्यांनी रिक्षात घालून घरी आणला, आणि गल्लीने त्यांचं बारसं केलं. काका तो सुरू करतात तेव्हा मालगाडी मुकुंदवाडी स्टेशनात न थांबता गेल्यासारखा आवाज होतो. ब्राउझर उघडेपर्यंत त्यांची अंघोळ, पूजा दोन्ही उरकतात.

"चालतंय ना? मग बंद कशाला करायचं?" हे काकांचं तत्त्वज्ञान. उबुंटूने ऑक्टोबर २०१७मध्ये ३२-बिट डेस्कटॉपची आवृत्ती बंद केली, तेव्हा काका डेबियनकडे गेले. "उबुंटू शेवटी डेबियनचंच लेकरू. लेकराने हाकललं तर बापाकडे जावं." ९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ आलं आणि बापानेही ३२-बिटसाठी इन्स्टॉलर आणि लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल देणं थांबवलं. काकांनी दुपारपर्यंत चहा घेतला नाही. काकूंनी तेवढी साखर वाचवली.

समजूत काढायला मी म्हटलं, "काका, टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स लिहिलं ते ३८६ प्रोसेसरवर. त्याच ३८६चा आधार डिसेंबर २०१२मध्ये त्याने कर्नलमधून काढला. वर सांगितलं की मी काही हळवा नाही."

"कृतघ्न!"

"अहो, अनेक प्रोसेसर सांभाळणाऱ्या भागात काही बदलायचं म्हटलं, की ३८६ आडवा यायचा. त्याच्यासाठी वेगळी सोय करा, ती मोडत नाही ना ते बघा. बघणारा माणूस हवा, त्याच्याकडे तसं यंत्र हवं."

"मग ठेवायचा एक माणूस!"

"ठेवायचा कुठला, तिथे बरेच जण स्वतःच्या वेळात काम करतात. तुम्हीच बघा ना. यंत्र आहे, तुम्ही निवृत्त आहात. नवं कर्नल आलं की लावायचं, बिघडलं तर कळवायचं."

काका सावरून बसले. "मी? मला कुठं वेळ आहे? सकाळी फिरणं, मग पेपर, दुपारी जरा पाठ टेकायची, संध्याकाळी मंदिराच्या कट्ट्यावर बैठक. अन् तपासता तपासता माझंच यंत्र बसलं तर?"

"मग कुणी तपासायचं?"

"कुणीतरी तपासलं पाहिजे!" काकांनी मांडीवर थाप मारली. "असं चालणार नाही. त्या डेबियनवाल्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहू. मी सांगतो, तू टाइप कर."

मी पेंटियमकडे हात नेला, तसे काका घाईघाईने म्हणाले, "त्याच्यावर नको रे, रात्र होईल. तुझ्या लॅपटॉपवर घे."