तीस तारखेचं दूध

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाचं कधी काही अडत नाही. तो प्रसन्न चेहऱ्याने ‘चला तर मग’ म्हणतो, काळ्या पडद्यावर रंगीत ओळी भराभर उमटतात, एक बटण दाबलं जातं आणि प्रोग्रॅम चालतो. मध्येच दाराची बेल वाजत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नसतात. एखाद वेळी कंस राहिला तर ‘अरे, हा राहिलाच की’ म्हणून तो हसतो आणि नेमका जिथे राहिला तिथेच जाऊन लावतो. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपल्यालाही येतंय. व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की मात्र उभी रेघ लुकलुकत राहते आणि आपण तिच्याकडे बघत बसतो.

गणपतीत आरत्यांचं असंच होतं. सगळ्यांत मिळून म्हणताना पाचही आरत्या तोंडपाठ असतात, झांजेचा ठेकाही चुकत नाही. एखाद्या वर्षी घरात एकट्याने आरती करायची वेळ आली की दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गाडी थांबते, आणि ध्यानात येतं की इतकी वर्षं आपण शेजारच्या काकांच्या आवाजाला धरून चाललो होतो. शिकाऊ मंडळींनी या अवस्थेला ‘ट्युटोरियल हेल’ असं नाव ठेवलंय. मला काही तो नरक वाटला नाही. उलट फार सुखाची जागा आहे ती, आणि तीच तिची अडचण.

मला या वाटेला लावलं लेकीने. ती सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ बघायचे आणि स्वल्पविराम इकडचे तिकडे करायचे. ‘आई, तुला पायथन जमेल गं. त्यात बारीकसारीक चिन्हांकडेच लक्ष ठेवायचं असतं,’ ती म्हणाली. आमच्या धंद्याविषयी इतकं बरं सहसा कुणी बोलत नाही, त्यामुळे मी लगेच पाघळले.

कुठलीही संगणकभाषा शिकताना पहिला धडा ठरलेला: पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवायचं. ही प्रथा बेल लॅब्जच्या ब्रायन कर्निघन यांच्याकडून आली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘बी’ नावाच्या भाषेचं ट्युटोरियल लिहिलं, त्यात हे वाक्य होतं. १९७८ साली डेनिस रिची यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘सी’च्या पुस्तकाने ते जगभर नेलं. त्या पुस्तकात दोन्ही शब्द लहान अक्षरांत आहेत, मध्ये स्वल्पविराम आहे आणि शेवटी काही नाही. माझं लक्ष आधी त्या स्वल्पविरामाकडे गेलं. संबोधन आहे, हवाच तो. पुढच्या ट्युटोरियलवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी तो खाऊन टाकलाय आणि वर उद्गारचिन्ह चिकटवलंय. जगाला नमस्कार करायचा तर ओरडायला कशाला हवं?

पायथन स्वतः पट्टीचा मुद्रितशोधक आहे. समास सोडण्याबाबत तर आमच्या छापखान्यातल्या जुन्या जाणत्यांपेक्षा कडक. बाकीच्या बहुतेक भाषांत समास हा शोभेचा भाग. इथे ओळ किती आत सरकली आहे त्यावर ती कुणाच्या अखत्यारीत येते ते ठरतं. काही चुकलं की तो लांबलचक तक्रार लिहितो, आणि ती खालून वर वाचायची असते: मुद्द्याची गोष्ट शेवटच्या ओळीत, कुठून कुठे काय गेलं त्याची हकिगत वरती. पूर्वी कंस उघडा राहिला तर भलत्याच ओळीकडे बोट दाखवून तो बोंब मारायचा. २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ‘हा कंस बंदच झाला नाही’ असं नेमकं सांगतो. एखादं नाव चुकीचं लिहिलं तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?’ असंही विचारतो. लेखकांशी असं अदबीने बोलायला मलाही शिकायला हवं.

मराठीतून शिकायची सोयही आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. त्यातले धडे साधारण दहा मिनिटांचे असतात आणि बऱ्याच धड्यांचं निवेदन भारतीय भाषांत, मराठीतही, ऐकता येतं. पडद्यावर इंग्रजी आणि कानात मराठी. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला स्वतःची खिडकी, आणि तिकडे जे घडतं ते थांबत थांबत इकडे करून बघायचं अशी त्यांची शिस्त आहे. शिस्त उत्तम. मी पाळली तेव्हा शिकले, आणि पलंगावर आडवं पडून दीडपट वेगाने नुसतं ऐकलं तेव्हा छान झोप लागली.

व्हिडिओ संपले की सरावाचे प्रकल्प. त्यांचीही यादी ठरलेली असते. कॅल्क्युलेटर. दगड-कागद-कात्री. मनात धरलेला आकडा ओळखायचा खेळ. त्यात दर वेळी उरलेल्याचा मध्य विचारत गेलं तर १ ते १०० मधला कुठलाही आकडा फार तर ७ प्रश्नांत सापडतो, एवढी एक गंमत त्यातून हाती लागते. आणि करायच्या कामांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम. हा पृथ्वीवरच्या प्रत्येक शिकाऊ माणसाने लिहिलाय. कामांपेक्षा त्यांच्या याद्या करणारे प्रोग्रॅमच जास्त असावेत असा मला दाट संशय आहे. हे प्रकल्प वाईट नसतात, पण त्यांना घर नसतं. दगड-कागद-कात्री चुकली तर कुणाच्या खिशातून काही जात नाही.

गंमत म्हणजे पायथन ही भाषासुद्धा सुट्टीतल्या असल्याच एका उद्योगातून निघाली. १९८९च्या नाताळात अॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेला सुट्टी होती. तिथे काम करणाऱ्या खिदो व्हान रॉसम यांना आठवडाभर हाताला काहीतरी चाळा हवा होता, म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर नवी भाषा लिहायला घेतली. आधी याच संस्थेत ते ‘एबीसी’ नावाच्या भाषेवर काम करत. समासाचा कडकपणा तिच्याकडून आला. नाव पडलं ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. चिन्हात साप आहेत, पण बारशाला साप नव्हता. नाताळच्या सुट्टीत आपण काय करतो, याची मी इथे तुलना करणार नाही.

खिदोंचं वाचून मी कामांची यादी अर्धवट सोडली आणि घरातलंच काहीतरी घ्यायचं ठरवलं. दुधाचा हिशोब.

आमच्याकडे अजून रतीबाचं दूध येतं. सासूबाई त्याचा हिशोब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ठेवतात. दूध आलं नाही की त्या चौकोनात फुली. जादा घेतलं तर कोपऱ्यात ‘पा’ किंवा ‘अ’, म्हणजे पाव किंवा अर्धा. ‘गा’ म्हणजे त्या दिवशी म्हशीचं नव्हतं, गाईचं आलं. संकष्टीच्या चौकोनात हे सगळं चंद्रोदयाच्या वेळेला खेटून लिहिलेलं असतं. मला वाटलं, दिवस गुणिले अर्धा लिटर गुणिले भाव, वजा खाडे. चार ओळींचं काम.

‘आई, भाव मध्येच वाढला तर कधीपासून धरता?’ मी विचारलं.

‘तो सांगतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशीचं दूध तापलेलं असतं ना.’

‘आणि दूध नासलं तर?’

‘थंडीत नासलं तर त्याची चूक, सगळे कापायचे. मे महिन्यात नासलं तर निम्मे.’

‘निम्मे का?’

‘मे महिन्यात मीही वेळेवर तापवायला नको का?’

हे मी ‘जर’, ‘नाहीतर’ करत लिहून घेतलं. मग कॅलेंडरवर ओळीने फुल्या दिसल्या, आणि हिशोबात मात्र त्यांचे पैसे दिलेले. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा. ते खाडे आहेत, पण धरायचे नाहीत.’ खाडा आहे पण धरायचा नाही, यासाठी मला वेगळा रकाना काढावा लागला. सासूबाईंच्या डोक्यात तो कायमचा होता. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, इतकंच. कुठल्याही ट्युटोरियलमध्ये हा भाग नसतो, कारण तिथे कामाचे नियम आयते ठरवून दिलेले असतात. खरी मेहनत संगणकाला सांगण्यात नाहीच. आपण रोज काय करतो ते आधी आपल्यालाच नीट सांगता यावं लागतं.

प्रोग्रॅमर मंडळी अडलं की टेबलावर एक रबरी बदक ठेवून त्याला आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगतात. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस यांच्या १९९९ सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकामुळे ही युक्ती प्रसिद्ध झाली. बोलता बोलता चूक आपली आपल्यालाच दिसते. आमच्याकडे बदक नाही. सासूबाई मेथी निवडत बसलेल्या असतात आणि दर दोन वाक्यांनी ‘मग?’ म्हणतात. बदकाला हे जमत नाही.

तारखांचं गाडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतं. पायथनला ‘रेंज’ मध्ये १ आणि ३० दिले की तो १ पासून मोजतो आणि २९ वर थांबतो. वरचा आकडा धरतच नाही. म्हणजे तीस तारखेचं दूध फुकट! यावर एट्सखर डायक्स्ट्रा यांचं १९८२ सालचं एक हस्तलिखित टिपण आहे. हेही हॉलंडचेच, आणि सीडब्ल्यूआयच्या पूर्वावतारात काम केलेले. मोजणी शून्यापासून का सुरू करावी आणि खालची मर्यादा धरून वरची का सोडावी, हे त्यांनी त्यात सुवाच्य अक्षरात मांडलंय. वरच्यातून खालचा वजा केला की किती ते थेट मिळतं: ३१ वजा १, दिवस ३०. मला पटलं. सासूबाईंना अजिबात नाही. ‘तीस तारखेला दूध आलं की नाही? मग तीसच लिही. एकतीस कशाला, सप्टेंबर आहे.’

एका बाबतीत मात्र संगणक पूर्णपणे त्यांच्या बाजूचा निघाला. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर ०.३ येत नाही; शेपटाला सोळा-सतरा स्थळं लांब एक ४ लोंबत असतो. कारण संगणक आतून दोनच्या पटीत मोजतो आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच? सगळे चोख बसतात. दर वेळी निम्म्याचं निम्मंच तर करायचं. सासूबाईंनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सगळे पाढे म्हटलेत. तेव्हा रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. तेही दोनच्याच पटीतले! १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, रुपयाचे १०० भाग झाले आणि हिशोब माणसाला सोपा झाला. संगणकाला विचारलं असतं तर त्याने आण्यांच्याच बाजूने मत दिलं असतं. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी औटकी सुरू केली आणि थांबवेपर्यंत थांबल्या नाहीत.

देवनागरीचंही पायथनला वावडं नाही. २००८ साली पायथन ३ आल्यापासून व्हेरिएबलला ‘खाडा’, ‘भाव’, ‘नासलेलं’ अशी नावं सुखाने देता येतात. आकड्यांबाबत मात्र त्याचं तंत्र निराळं आहे. प्रोग्रॅमच्या मजकुरात ४० देवनागरीत लिहिले तर तो हटून बसतो, पण वापरणाऱ्याने देवनागरीत टंकलेले ४० ‘इंट’ या फंक्शनकडे सोपवले तर मुकाट्याने चाळीस समजतो. घरच्यांना एक नियम आणि पाहुण्याला दुसरा. हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी एकूण रकमेचं राउंडिंग. पायथनला अडीचचा पूर्णांक विचारला तर तो २ सांगतो आणि साडेतीनचा विचारला तर ४. बरोबर मध्यावर असलं की जवळच्या सम आकड्याकडे जायचं, म्हणजे लांबलचक हिशोबात कायम एकाच बाजूला झुकणं होत नाही. सासूबाईंची रीत वेगळी. त्या नेहमी वरच्या दहावर जातात, ‘सुटे कुणाकडे असतात?’ म्हणून. आता दूधवाल्याकडे क्यूआर कोड आहे, सुट्यांचा प्रश्नच उरलेला नाही. राउंडिंग चालू आहे. शिकाऊ प्रोग्रॅमरने घरातल्या जुन्या कोडला हात लावू नये असं लेक म्हणते, तेव्हा मी तेही तसंच लिहून टाकलं.

रविवारी लेक आली आणि तिने माझा प्रोग्रॅम वाचला. मी एखादं हस्तलिखित वाचते तशी, भुवई वर करून. ‘छान आहे गं. पण आई, तू दूधवाल्याचं नाव थेट आतच लिहून ठेवलंयस. ते बाहेर काढ. उद्या दूधवाला बदलला तर?’

‘कशाला बदलेल?’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘याच्या आधी याचे वडील यायचे.’ मग सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, लॅपटॉपकडे जरा संशयाने बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. ‘ते राहू दे. आता इस्त्रीवाल्याचं बघ एकदा. साडीचा भाव वेगळा, कांजी केलेल्या साडीचा वेगळा, आणि उशीचे अभ्रे तो फुकट करतो. पण दर वेळी नाही.’