पाटी, परवाना आणि वारा

महाराष्ट्रातील दुकानाच्या दर्शनी पाटीला तीन परीक्षक असतात : पहिला सरकारी निरीक्षक, दुसरा खुद्द मालक आणि तिसरा वारा. गिऱ्हाइकाची गणना यांत होत नाही, कारण दुकान नेमके कुठे आहे हे त्याला पाटीवरून नव्हे, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून कळते. या तिघांचे एकमत होणे जवळजवळ अशक्य असल्याने, पाटी तयार करणे ही कला मानावी की तडजोड, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

निरीक्षकाचा विषय कायदा. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक ठरली. नाव देवनागरीत, आरंभी आणि अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या आकारात असावे, असा हा दंडक आहे. त्याच दुरुस्तीने मद्यविक्री करणाऱ्या दुकानांना महापुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिने दिले आणि ऐन दसरा-दिवाळीत फ्लेक्सवाल्यांच्या घरी लक्ष्मी चालत आली.

आकाराच्या या अटीत एक पेच दडलेला आहे. रोमन मोठी अक्षरे एका उंचीत शिस्तीने उभी राहतात. देवनागरीत मात्र ‘स्फूर्ती’सारखे नाव घेतले, तर वर वेलांटी व रफार आणि खाली दीर्घ ऊकार असा दुमजली विस्तार होतो. मापाची टेप रफाराच्या टोकापासून ऊकाराच्या शेपटीपर्यंत धरली की मराठी नाव कागदोपत्री इंग्रजीच्या बरोबरीचे भरते आणि शिरोरेषेखालचे मूळ अक्षर बिनबोभाट लहान राहते, ही युक्ती संगणकावर पाटीची आखणी करणाऱ्या मुलाला कोणत्याही वकिलाआधी सुचते. कायद्याने लिपी, जागा आणि आकार ठरवून दिले असले तरी शुद्धलेखनाला हात लावलेला नाही. परिणामी ‘शुध्द शाकाहारी’ ही पाटी पूर्णतः कायदेशीर राहून वर्षानुवर्षे लटकत असते.

महापालिकेचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. इमारतीच्या वर आधार देऊन उभारलेल्या आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकास ‘आकाशचिन्ह’ म्हणतात व त्यास परवानगी लागते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमानुसार, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची पाटी आकाशचिन्ह नसेल आणि तिच्यात दिवे नसतील तर परवानगीची गरज पडत नाही. तीच पाटी आतून उजळली, म्हणजे व्यवहारात जिला ‘ग्लो साइन’ म्हणतात ती झाली, की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. एका बटणाच्या अंतरावर निरपराधित्व आणि अर्ज असे दोन्ही नांदत असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

दुसऱ्या परीक्षकाला, म्हणजे मालकाला, मोकळी जागा सहन होत नाही. दहा इंच उंचीचे अक्षर साधारण शंभर फुटांवरून सुखाने वाचता येते, हा धंद्यातील ठोकताळा तो मान डोलावून ऐकतो आणि मग दहा फूट बाय तीन फूट पाटीत कुलदैवत, ग्रामदैवत, प्रोप्रायटर म्हणून वडिलांसह तिन्ही भावांची नावे, चार मोबाइल क्रमांक, मालाची यादी आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे निवेदन बसवायला सांगतो. पाटी शीतपेयाच्या कंपनीने फुकट दिली असेल, तर हे सारे तळाच्या चार इंची पट्टीत मावते.

तिसरा परीक्षक वाचत नाही. तो फक्त ढकलून पाहतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, आणि त्या हिशेबाने वर सांगितलेल्या पाटीवर स्थूलमानाने ३३० किलो वजनाइतका दाब येतो. मुदतवाढ, ओळखीचा नगरसेवक किंवा ना हरकत प्रमाणपत्र यांपैकी कशाचाही या परीक्षकावर परिणाम होत नाही. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कोसळलेला महाकाय फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. पालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट होती, आणि मेले ते खाली पेट्रोल पंपावर थांबलेले लोक. आकारावरील बंधन म्हणजे पालिकेची खोड, ही समजूत त्यानंतर तरी कोणी बाळगू नये.

लहान पाटीचे भवितव्य भिंतीतल्या भोकात ठरते. ड्रिलमधून आधी गिलाव्याची करडी पूड येते. पाठोपाठ विटेची लाल भुकटी पडू लागली, तर काँक्रीटसाठी बनवलेला अँकर बोल्ट तिथे नीट पकड घेणार नाही आणि बीम किंवा कॉलम शोधावा लागेल, हे शिडीवरच्या कारागिराला कळते. तो तसे सांगतोही. परंतु बीमवर पाटी नेली तर ती शेजाऱ्याच्या पाटीपेक्षा वीतभर खाली येते, हे मालकाला मान्य होत नाही. शिवाय, ज्या भरवशावर हा सारा डोलारा उभा राहायचा त्याची किंमत अंदाजपत्रकात आधीच ठरलेली असते : अक्षरांचा दर इंचावर, फ्लेक्सचा चौरस फुटावर, दिव्यांचा नगावर, आणि शेवटच्या ओळीत, ‘फिटिंग फ्री’.