विकतची ओल

रत्नागिरीत चाळीस पावसाळे काढलेल्या आजींचं वैर एकाच गोष्टीशी: ओल. पापडांचे डबे, गाद्या, आजोबांचा लग्नातला कोट, सगळं त्यांनी तिच्या तावडीतून सोडवलेलं. मग त्या शिकागोजवळ लेकीकडे गेल्या, तर तिथे अकरा वर्षांचा नातू काचेच्या पेटीत मापून ओल भरत बसला होता.

"पाल पाळतोयस?"

"पाल नाही गं आजी, सॅलॅमँडर! बेडकाच्या नात्यातला."

नात्यातला आणि मानाचाही. टायगर सॅलॅमँडर हा 2005 पासून इलिनॉयचा राज्य-उभयचर आहे. काळपट अंगावर पिवळे ठिपके, लांबी वीतभर. खवले नाहीत; ओलसर कातडीतूनही तो श्वास घेतो, त्यामुळे अंग सुकलं की कारभार आटोपला. बालपण तळ्यात जातं, पुढचं आयुष्य बहुतेक बिळात. म्हणून पेटी उंच नको, ऐसपैस हवी: 75 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद, वर जाळीचं घट्ट झाकण आणि आत निदान 10 सेंमी माती.

मातीत मिसळायला नातवाने एक तपकिरी वीट आणली. पाण्यात टाकताच ती फुगून बादलीभर झाली. आजींनी चिमूटभर हुंगून पाहिली.

"अरे, ही तर नारळाची सोडणं! आम्ही बंबात घालतो. तू पैसे दिलेस?"

नळाचं पाणीही थेट चालत नाही. क्लोरिन त्या नाजूक कातडीला बाधतं, म्हणून आधी ते मारणारे थेंब टाकायचे. राहिला ओलीचा अंदाज. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. नातवाचा एकदा चिखल झाला, एकदा भुगा. शेवटी आजींनी बांगड्या मागे सारल्या आणि रव्याचा लाडू वळावा तसा गोळा वळला. "अजून अर्धी वाटी पाणी घाल." एक कोपरा जास्त ओला ठेवला, दुसरा कमी, पाहुण्याने आवडेल तिथे बसावं. आडोशाला झाडाची साल, पाण्याला उथळ ताटली.

ऊब देणारा दिवा मात्र नाही. याला 15 ते 20 अंश मानवतं, म्हणून पेटी तळघरात गेली. फ्रिजमध्ये दह्याशेजारी गांडुळांचा डबा आला, तेव्हा आजींनी दही सोडलं. हा प्राणी दहा-पंधरा वर्षं सहज जगतो हे कळल्यावर त्यांनी नातवाच्या लग्नाचा हिशेब केला आणि गप्प बसल्या.

पाहुणा पेटीत आला, दोन मिनिटांत मातीत शिरला आणि तीन दिवस दिसला नाही. घरचे सगळे आळीपाळीने माती बघून आले.

चौथ्या दिवशी रत्नागिरीहून शेजारणीचा फोन आला. "काय सांगू वहिनी, घरात नुसती ओल आलीय!"

"मुठीत दाबून बघितलीस?" आजी म्हणाल्या. "पाणी गळतं का?"