ट्रंकवहिनी

पुण्याच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत हल्ली निदान एक तरी ट्रंकवहिनी असतात. खूण सोपी: बुधवारी किंवा रविवारी त्या रिक्षातून उतरतात तेव्हा मांडीवर पत्र्याची गंजकी पेटी असते, आणि कडीत अडकून ओढणी फाटल्याचं त्यांच्या गावीही नसतं. या दोन वारी जुना बाजार भरतो. तिथल्या विक्रेत्यांनी वहिनींना केव्हाच ओळखलंय. त्या लांबून दिसल्या की ते ऑइलपेंट मारलेली पेटी मागे सारतात आणि गंजलेली पुढे ओढतात. "कोयंडा तुटलाय, शंभर कमी करा" म्हणायची सोय उरली नाही. कोयंडा तुटका असला तर शंभर जास्तच. त्याच वहिनी घरी येऊन कामवाल्या मावशींना विचारतात, "अहो, तव्याला गंज कसा चढला?"

आमच्या मजल्यावरच्या वहिनींकडे सोफ्यापुढे टीपॉय म्हणून काळी लष्करी ट्रंक आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात कुणाचा तरी हुद्दा आणि नंबर. दाराशी चपलांसाठी दुसरी, तिच्यावर 'ता. चिपळूण, जि. रत्नागिरी'. वहिनी नागपूरच्या. पण येणारा प्रत्येक जण "चिपळूणच्या का?" विचारतो, आणि आता त्याही फारसं नाकारत नाहीत. गेल्या गणपतीत एका पाहुणीला त्या 2021च्या वाशिष्ठीच्या पुराबद्दल इतक्या कळवळून सांगत होत्या, की बिचारीने "तुमचं किती नुकसान झालं?" म्हणून विचारलं.

तशी ती पेटी मुंबईच्या गिरणगावातलीही असू शकेल. तिथल्या गाळ्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत डझनांनी राहत, गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत. खोलीत माणसाची स्वतःची मालमत्ता म्हणजे एक वळकटी आणि एक ट्रंक. कपडे, पत्रं, साठवलेले पैसे, गावी न्यायचं लुगडं, सगळं तिच्यात. गणपतीला तीच डोक्यावर घेऊन गावाकडे. कमी जागेत संसार मांडण्याबद्दल त्या माणसाकडून शिकण्यासारखं बरंच होतं, पण वहिनींनी त्याच्याकडून फक्त पेटी घेतली.

कारण वहिनींच्या घरात पेटीत वस्तू जाते, ती बाहेर येत नाही. कोपऱ्यात एकावर एक तीन ट्रंका, वर समई, शेजारी मनीप्लँट. सगळ्यात खालच्या ट्रंकेत रजया. डिसेंबरात मुक्कामी पाहुणे आले, की वहिनींचे यजमान भाऊसाहेब आधी मनीप्लँट गॅलरीत नेतात, मग समई, मग पहिली ट्रंक, मग कमरेला हात लावून थोडा वेळ उभे राहतात. तोवर पाहुणा सोफ्याचं कव्हर पांघरून घोरायला लागलेला असतो. कुठल्या पेटीत काय आहे याची वहिनींनी सुवाच्य अक्षरात वही केली आहे. वही कुठे आहे, हे मात्र विचारू नये.

या घरातली एकच ट्रंक खरी घरची. सासूबाईंची, त्यांच्या लग्नातली, झाकणावर गुलाबाची फुलं रंगवलेली. ओल लागू नये म्हणून चार विटांवर, खाटेखाली, डांबरगोळ्यांच्या वासात ती सुखात होती. ती वहिनींच्या नजरेस पडली. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, फुलं तेवढी जपून ती खिडकीपाशी बैठक म्हणून आली. वर गादी, गादीवर लोड.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. अडचण अशी, की त्यांना मधुमेह आहे आणि नारळाच्या वड्यांचा डबा त्या ट्रंकेत असे. खाटेखालून तो रात्री निघायचा. आता दिवाणखान्यात, चारचौघांत.

परवा महिला मंडळाच्या बायका घर बघायला आल्या होत्या. वहिनी सांगत होत्या, "ही आमची अ‍ॅन्टिक." सासूबाई शांतपणे आल्या, लोडाला टेकलेल्या दोघींना उठवलं, गादी गुंडाळली, कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि डबा काढला. "डॉक्टरांनी आईंना..." असं वहिनी म्हणेपर्यंत प्रत्येकीच्या हातात एकेक वडी होती आणि सासूबाईंच्या तोंडात दुसरी.

"घ्या गं," त्या म्हणाल्या, "घर बघायला आलात ना? हे आतलं."