घड्याळाचा हात

गडहिंग्लजात नवी गाडी घेतली तर लोक एकदाच विचारतात, केवढ्याला पडली. घड्याळाचा हात बदलला की रोज विचारतात.

माझं कारण साधं होतं. डाव्या मनगटावर पट्ट्याखाली पुरळ उठलं, डॉक्टरांनी मलम दिलं आणि तिथं काही बांधू नका म्हणाले. मी घड्याळ उजव्या हातात बांधलं आणि बाजारात गेलो. मिरचीवाल्या मावशींनी तागडी हवेत धरूनच विचारलं, "सर, डावरं कवापास्नं झालासा?" दसरा चौकात एका स्नेह्यानं मला बाजूला घेतलं. कोणत्या ज्योतिषाला दाखवलं, फी किती, आणि गुण येतोय का, हे त्याला हवं होतं. पुरळ म्हणालो तर त्याचा विश्वास बसेना. एवढ्या साध्या कारणासाठी कुणी हात बदलतं होय?

न्हाव्याच्या दुकानात विषय राजकारणात गेला. साहजिकच आहे. आमच्या तालुक्यातली काही गावं कागल मतदारसंघात, काही चंदगडात. 2024च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं घड्याळ चिन्ह अजित पवारांच्या गटाला दिलं, तेव्हापासून इथं घड्याळाबद्दल निव्वळ घड्याळ म्हणून बोलताच येत नाही. "सर, घड्याळ उजवीकडं गेल्यालं सगळ्यांनीच बघितलंय, तुमी कशाला दाखवताय?" असं म्हणून त्यानं माझ्या मानेवर वस्तरा ठेवला. वस्तरा मानेवर असताना मी कुणाशी वाद घालत नाही.

शास्त्रोक्त उत्तर मिळालं ते घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून त्यानं माझी एचएमटी 'जनता' हातात घेतली. बंगळूरच्या कारखान्यात 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं ही घड्याळं बनायला लागली. पुढं कितीतरी जावई त्यांच्यासाठी रुसले आणि त्यांच्यामुळंच हसले. 2016मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, पण 'जनता' रोज चावी दिली की अजून चालते. "चावी कुठं हाय बघा," तो म्हणाला, "तीनच्या आकड्यापाशी. डाव्या हातात बांधलं तर चावी पंज्याकडं येती, उजव्या हातानं फिरवायची. उजव्या हातात बांधलं तर चावी कोपराकडं तोंड करून बसती. आता द्या बघू चावी!" मी प्रयत्न केला. स्वतःच्याच पाठीला साबण लावतोय असं वाटलं. मात्र एक फायदा त्यानंच कबूल केला: मनगट मागं वाकवलं की चावी पंज्याला टोचत नाही.

म्हणजे हा सगळा रिवाज त्या चावीचा. सेलवर चालणाऱ्या घड्याळाला चावी द्यावीच लागत नाही, तरी तिची जागा तीच आणि आपला हातही तोच. हा रिवाज पडण्याआधी पुरुषांची घड्याळं खिशातच असायची, मनगटावर बांधणं हा बायकांचा दागिना समजला जाई. ब्राझीलचा विमानवीर सांतोस-दुमाँ याचे दोन्ही हात उडताना यंत्र हाकण्यात गुंतलेले, खिशात हात घालणार कसा? म्हणून 1904 साली कार्तिए या त्याच्या मित्रानं त्याला मनगटावरचं घड्याळ करून दिलं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी ते बांधलं आणि मग त्याला बायकी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. गांधीजींनी घड्याळ कमरेला लटकवून हा डाव्या-उजव्याचा तंटाच मिटवला होता.

आईचं मत मात्र चावीवर अवलंबून नव्हतं. "उजवा हात देवाचा," ती म्हणाली. पूजेचा धागा पुरुषाच्या उजव्या हाताला, राखी उजव्या हाताला, तीर्थ उजव्या हातात. शिवाय तांबडा रस्सा उजव्या हातानंच ओरपायचा; त्यात घड्याळ बुडालं तर 'जनते'चं काय होणार? मग मला दिसायला लागलं की डावा हात सरकारचा आहे. मतदानाची शाई डाव्या तर्जनीला. जुन्या खरेदीखतांवर 'नि. डा. हा. अं.' म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. आणि वेळेवर हजर राहा म्हणून दम देणारं घड्याळही तिकडंच. मी सरकारी काम देवाच्या हातात दिलं होतं, म्हणून गाव बिथरलं होतं.

भाच्यानं दिलेल्या स्मार्ट घड्याळानं तर सुरुवातीलाच विचारलं, कोणत्या मनगटावर बांधणार? यंत्रसुद्धा गडहिंग्लजचंच निघालं. बायकोनं ते कौतुकानं उजव्या हातात बांधून भाकऱ्या थापल्या. चूल न सोडता तिची पावलं भराभर वाढत गेली. मी संकेश्वर रोडला फिरून घामाघूम होऊन आलो, तरी ती माझ्या पुढंच होती. तेव्हापासून ते घड्याळ तिच्याकडे आणि चालण्यावरची भाषणं माझ्याकडे.

परवा एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉल बघायला गेलो. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे घरचं लग्न, रुसवेफुगवे धरून. त्या दिवशीच्या रेफ्रीनं दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधलेली. एक चालू ठेवायचं, दुसरं खेळ थांबला की थांबवायचं, असं शेजारच्यानं समजावलं. मी म्हटलं, चला, एक तरी माणूस सापडला ज्याला हा प्रश्न पडत नाही. शेवटची मिनिटं लांबायला लागली तसा पलीकडून ओरडा सुरू झाला, "डाव्यातलं बघ, डाव्यातलं!" लगेच अलीकडून उत्तर आलं, "उजव्यातलं खरं हाय!" शिट्टी वाजली. हरलेल्या बाजूनं दोन्ही मनगटांवर अविश्वास दाखवला. जिंकलेल्यांना मी मुद्दाम विचारलं, तर रेफ्रीच्या हातात घड्याळ होतं हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.