बेरी-वजाबाकी

मराठी माणसाला सुधारायची संधी वर्षातून चारदा मिळते. एक जानेवारी हुकली तर गुढीपाडवा आहे. तो श्रीखंडाच्या गुंगीत गेला तर आगेमागे एक एप्रिलला आर्थिक वर्ष उघडतं. तेही निसटलं तर दिवाळीचा पाडवा, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांचा. एवढी नवी वर्षं अंगावरून जाऊनही आपण बहुतेक जण गेल्या वर्षीचेच उरतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. चिकाटी म्हणतात ती हीच.

संकल्पांच्या प्रांतातला खरा गडी म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. त्याने १३ सद्गुणांची यादी केली आणि दर आठवड्याला एकेक गुण तालमीला घेतला. १३ आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षात अशी चार. चुकलं की वहीत काळा ठिपका. त्याला सगळ्यात छळलं ते नीटनेटकेपणाने. कागद जागच्या जागी ठेवणं काही केल्या जमेना. आकाशातल्या विजेला सळईवरून मुकाट जमिनीत उतरायला लावणाऱ्या माणसाला टेबल आवरता येत नव्हतं, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो त्या तेरांपैकी एकाही गुणात बसणारा नव्हता.

हल्ली वहीचं काम मनगटाकडे आलंय. आमच्या शेजारचे काका रात्री साडेअकराला सोफ्यापासून फ्रिजपर्यंत येरझारा घालतात. १०,००० पावलं पुरी व्हायची असतात. हा आकडा कुणा वैद्याने नाडी बघून सांगितलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. चालणं चांगलंच, पण काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा फिरायला निघालेल्या माणसाचा भाव नसतो, हप्ता भरायला निघालेल्या माणसाचा असतो.

मला वाटतं, आनंदाचं बेरीसारखं आहे. आठवडाभर साय साठवायची, विरजण लावायचं, ताक घुसळायचं, लोणी काढायचं आणि मंद आचेवर कढवायचं. लोण्यातलं पाणी उडेपर्यंत पातेलं तडतडत राहतं. आवाज बसला, वास खमंग झाला की गॅस बंद. तूप बरणीत गाळून घेतलं की तळाशी तपकिरी बेरी उरते. तिच्यावर चिमूटभर साखर घालून ती पातेल्यातच, उभ्याउभ्या खायची. वाटीत काढून, चमचा लावून, टेबलाशी बसून खाल्लेली बेरी मी बेरी मानत नाही. आणि बेरी हवी म्हणून आजवर कुणी तूप कढवल्याचं ऐकिवात नाही. तूप करायला गेलेल्याच्याच वाट्याला ती येते, आणि बहुतेक वेळा त्याच्याही नाही. वासावर टपलेलं पोर आधी पोचतं.

थंडीत गिरणीतून आणलेला दळणाचा गरम डबा पोटाशी धरणं, किंवा कुरडयांच्या दिवशी साच्यात जाण्याआधीच वाटीत पडलेला गव्हाचा चीक, हे त्याच जातीचं. चिकासाठी गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावं लागतं. ते करणारी बाई वेगळी आणि वाटी पुढे करणारे आम्ही वेगळे, एवढी एक खोट त्यात आहे.

म्हणून माझी यंदाची यादी फार साधी आहे. साय रोज न विसरता काढायची. दळण स्वतः टाकायचं आणि स्वतःच आणायचं. कुरडया पाडणाऱ्या घराशी मेअखेरपर्यंत तरी भांडायचं नाही, आणि पाडायच्या दिवशी साचा फिरवायला हजर राहायचं. ‘आनंदी राहणे’ हे कलम मुद्दाम घातलेलं नाही.

काकांनाही मी एक सुचवून ठेवलंय. मनगटावरच्या त्या घड्याळाला हात हलला तरी पुष्कळदा पाऊल पडल्यासारखं वाटतं. तेव्हा येरझारा सोडा आणि रवी हातात घ्या. १०,००० होवोत न होवोत, लोणी नक्की येईल. काकू लगेच तयार झाल्या. काका अजून विचार करताहेत.