जॉबर अण्णांचे ऐंशी टक्के

“अण्णा, किती झालं?”

“ऐंशी टक्के.”

कामतघरच्या आमच्या गल्लीत हा संवाद गेली तीन वर्षं चालू आहे. विचारणारे बदलतात. सकाळी दूधवाला विचारतो, दुपारी पोस्टमन, संध्याकाळी वऱ्हाळा तलावावर फिरायला निघालेले पेन्शनर. उत्तर बदलत नाही. गाडी भंगारवाल्याकडून ओढून आणली त्या दिवशी, तिचा एक नटही सैल केलेला नसताना, काम ऐंशी टक्के झालेलंच होतं.

अण्णा म्हणजे जॉबर. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, यंत्रमागाच्या कारखान्यात कापड विणतो तो कारागीर आणि माग जिवंत ठेवतो तो जॉबर. चोवीस माग एकदम खडखडत असताना अण्णा शेडच्या दारात डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, “सात नंबरचा धोटा घासतोय.” तो घासतच असायचा. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमत नाही. कानात सांगायची गोष्ट ते धामणकर नाक्यापर्यंत पोचेल अशा बेताने सांगतात. “मास्तर, कुणाला बोलू नका,” असं म्हणून त्यांनी मला जे जे सांगितलंय, ते गल्लीला माझ्याआधी कळलेलं आहे.

या माणसाचं ब्रीदवाक्य एकच : “ह्यात आहे काय?” मिक्सर असो, मोबाइल असो, व्याह्यांचा गुडघा असो. हृदयाच्या झडपेबद्दल डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हाही अण्णांच्या तोंडून ते निसटलं होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चिमटा काढला म्हणून पुढचं वाक्य राहिलं.

तर एकदा माणकोलीच्या गोदामांकडून येताना अण्णांच्या शेजारून विजेवरची तीनचाकी मालगाडी गेली. आवाज नाही, धूर नाही. अण्णा वळून पाहत राहिले. रात्री माझ्या ओट्यावर येऊन बसले. “मास्तर, बॅटरी, मोटार आणि चाक. ह्यात आहे काय? आमच्या मागालाही मोटारच असते की!” पुढच्या रविवारी दारात मॅटाडोर उभी होती.

मॅटाडोर म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाचं मन थोडं मऊ होतं. आकुर्डीच्या बजाज टेंपोची ही गाडी. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, पण आमच्याकडे कुठल्याही चपट्या नाकाच्या गाडीला लोक आजही मॅटाडोरच म्हणतात. शेडमधून सायझिंगला बीम हिनेच नेले, ग्रे कापडाचे तागे हिनेच वाहिले, आणि लग्नसराईत तीच धुऊन, झेंडूच्या माळा लावून वऱ्हाडाला दिली. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाची पेटी असायची. तिच्यावर बसून वज्रेश्वरीला गेलेल्या माणसाला गरम पाण्याच्या कुंडांचं फारसं कौतुक वाटत नसे. तो तेवढा शेकूनच उतरायचा.

अण्णांची मॅटाडोर १९८७ सालची. नंबरपाटी जुनी, ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरी. बजाज टेंपोने मर्सिडीझचं ओएम-६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवून मॅटाडोरला बसवलं होतं. आपल्या गाडीत तेच आहे असं अण्णा छाती काढून सांगत, आणि सांगता सांगता त्यांनी ते काढून विकलं. “मर्सिडीझचं होतं म्हणून गिऱ्हाईक घरी चालून आलं,” असंही वर सांगितलं.

आता मोटार. आधी त्यांनी मागाची एक हॉर्सपॉवरची जुनी मोटार आणली. तिला तीन फेजचा एसी करंट लागतो आणि बॅटरी देते डीसी, हे मी सांगितलं तेव्हा अण्णा माझ्याकडे, नवशिका कारागीर सूत तोडतो तेव्हा बघत तसे बघू लागले. मग मोडीत निघालेल्या ई-रिक्षाची मोटार आली, तिचा कंट्रोलर आला. मोटार एक किलोवॅटची, म्हणजे साधारण सव्वा घोडा. मर्सिडीझच्या जागी सव्वा घोडा! बॅटऱ्याही ई-रिक्षाच्याच, शिसं-आम्लाच्या : बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-अवरच्या सहा. वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास.

मी विज्ञान शिकवतो. मला राहवेना. मी पाटीवर, म्हणजे मॅटाडोरच्या दारावर, खडूने हिशेब मांडला. सहा बॅटऱ्यांत मिळून सात युनिटं वीज मावते. एक लिटर डिझेलमध्ये ऊर्जा असते सुमारे दहा युनिट. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे खरं, तरीही हा सगळा शिशाचा ढीग म्हणजे फार तर दोन-अडीच लिटर डिझेल. अण्णांनी हिशेब शेवटपर्यंत वाचला, खांद्यावरच्या फडक्याने पुसला आणि म्हणाले, “मास्तर, तुमचं पुस्तकातलं वेगळं. आपली गाडी उताराची आहे.”

चाचणी दसऱ्याला ठरली. गाडीला हार, समोर नारळ, चारही चाकांपुढे चार लिंबं. गल्लीतली पोरं पुढे उभी. काकू दाराआड, हात जोडून. अण्णांनी पहिला गिअर टाकला, एक्सलरेटर दाबला, आणि मॅटाडोर अत्यंत शांतपणे, घरंदाज सुनेसारखी, मागे मागे निघाली. लिंबं जागची हलली नाहीत. अण्णांनी ब्रेकवर पाय दिला. ब्रेक दगड! पायाला जड लागू नये म्हणून ब्रेकला जी हवेची ओढ मिळते, ती इंजिनावरच्या पंपातून येते, आणि इंजिन तर आम्ही सगळ्यांनी मिळून टेंपोत चढवून दिलं होतं. गाडी शेजारच्या शेडबाहेर रचलेल्या वेस्ट सुताच्या गोण्यांत जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही.

आतून अण्णांचा आवाज आला, “ऐंशी टक्के झालं!”

फिरणाऱ्या मोटारीच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, हे भिवंडीत शेंबडं पोरही जाणतं. अण्णांनी कपाळावर हात मारला, दोन जाड तारा आणि त्यांच्या जोडीच्या सेन्सरच्या बारीक तारा बदलल्या. ब्रेकसाठी कुठून तरी विजेवरचा व्हॅक्यूम पंपही पैदा केला. पंधरा दिवसांनी गाडी पुढे गेली. तलावापर्यंत! चालण्याच्या वेगाने, पुढे पोरं, मागे पोरं, जणू पालखीच. जाताना बॅटरीवर गेली, येताना पोरांवर आली.

त्या दिवशी अण्णा खूश असायला हवे होते. पण ते ओट्यावर गप्प बसले. अण्णा गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मास्तर, ती आवाजच करत नाही हो. आवाज नाही तर दुखतं कुठे ते कळायचं कसं?” आणि हे ते हळू बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं. आत भांडी घासणाऱ्या काकू हात थांबवून बाहेर येऊन बघून गेल्या.

यानंतर कागदपत्रांचा अध्याय. तो अण्णांनी ऐंशी टक्क्यांत धरलेला नव्हता. ठाण्याला एका एजंटाकडे मी त्यांच्यासोबत गेलो. त्याने आरसी बुक उघडलं, साल बघितलं आणि चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं. जुनी गाडी विजेवर करायला २०१६ पासून रीतसर नियम आहेत. किट मंजूर हवं, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून पास झालेलं. ते बसवणाराही अधिकृत हवा. भंगारातल्या मोटारीला तिथे जागा नाही. पण मुळात गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली असायला हवी.

“म्हणजे आपली जास्त जुनी आहे,” अण्णा म्हणाले. “मग ती व्हिंटेज का काय म्हणतात, त्यात घ्या.”

एजंटाने दुसरा कागद काढला. व्हिंटेजचे नियम २०२१ चे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे. नव्या नोंदणीची फी वीस हजार. नंबरात ‘व्हीए’ अशी खास अक्षरं मिळतात. आणि गाडी मूळ रूपात पाहिजे; चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही.

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. सत्त्याऐंशीची गाडी पन्नाशीची होणार २०३७ साली. विजेवर जायला ती म्हातारी, आणि म्हातारी म्हणून मान मिळायला तरणी. त्रिशंकूला निदान वर ढकलायला विश्वामित्र होता. इथे एजंट होता, आणि त्याने चहाचे पैसेही आमच्याकडूनच घेतले. परतीच्या बसमध्ये काल्हेर येईपर्यंत अण्णा बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. दुसरा कुणी असता तर संपलंच असतं.

अंजूर फाट्याला ते एकदम म्हणाले, “मास्तर, मूळ रूपात पाहिजे म्हणाला ना तो? म्हणजे इंजिनच परत बसवायचं. ह्यात आहे काय?” अख्ख्या बसने मागे वळून पाहिलं.

सध्या मॅटाडोर दारातच आहे. बॅटऱ्यांवर इन्व्हर्टर जोडून गेल्या गणपतीत मांडवाची लाइट गेली तेव्हा आरतीपुरता उजेड दिला, आणि काकू तिच्या टपावर पापड वाळवतात. अण्णांनी मोटार खाली उतरवली आहे, इंजिनाच्या पायाचे बोल्ट घासूनपुसून ग्रीस लावून ठेवले आहेत. ज्याला इंजिन विकलं त्याने ते पुढे विकलं, त्या पुढच्याने आणखी पुढे. पडघ्यापर्यंत माग लागला, तिथून तुटला.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या शेतात, विहिरीवर, जीपमध्ये किंवा गोठ्यामागे १९८७ च्या मॅटाडोरचं इंजिन असेल आणि ते देण्याची तयारी असेल, तर कामतघरला येऊन जॉबर अण्णांची गाडी विचारा, पोरं दारापर्यंत आणून सोडतील. इंजिन चालू नसलं तरी हरकत नाही. फक्त आवाज करणारं हवं.